पल्टीचं नाव कुठून आलं

पाहुण्यांना पल्टीदादांचं नाव सांगताना मी नेहमी जरा अडखळते. "गाडी सांगितलीय, पल्टीदादा येतील," असं म्हटलं की मुंबई-पुण्याची माणसं एकमेकांकडे बघतात. मग कोणीतरी हळूच विचारतंच, "गाडी नीट चालवतात ना?"

नागावात आमच्या वाडीत मी राहण्या-जेवण्याची घरगुती सोय चालवते. पाहुण्यांना चौल, रेवदंडा, किहीम फिरवून आणायचं काम बरीच वर्षं पल्टीदादांच्या मिनीडोरकडे आहे. मिनीडोर म्हणजे आमच्या भागात चालते ती सहा माणसांची रिक्षा. पल्टीदादा रेवदंड्याच्या कोळीवाड्यातले, साठी ओलांडलेले, काटक अंगाचे. बोलणं बेताचं आणि गाडी तर इतकी सावकाश चालवतात की मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कंटाळतात. एकदा मी त्यांना त्याबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, दुसऱ्या कोणाची गाडी कलंडली तर रस्त्याला शिव्या बसतात, माझी कलंडली तर नावाला बसतील.

या नावाची हकिगत आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक होती. पल्टीचा बाप काळूराम हा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. ज्या दिवशी पल्टीचा जन्म झाला त्याच दिवशी खाडीच्या तोंडाशी काळूरामची होडी पलटी झाली, माणसं कशीबशी पोहत आली आणि म्हणून पोराचं नाव पल्टी पडलं. पल्टीदादासुद्धा हेच सांगायचे, आणि सांगताना आवाजात बापाबद्दल थोडी अढी असायची.

त्याला कारण होतं. आई केसर ते पाच-सहा वर्षांचे असताना गेली. शाळेत नाव घालताना गुरुजी प्रल्हाद लिहायला निघाले होते, तेव्हा बापाने त्यांना थांबवून पल्टीच लिहायला लावलं. पोरं चिडवायची, त्याचं फारसं काही नाही, कोळीवाड्यात प्रत्येकाला चिडवण्याचं नाव असतंच. खरा घाव बसला तो अठराव्या वर्षी. नाखवा म्हणजे होडीचा मालक; हरेश्वर नाखवांनी नवी होडी घातली होती, खलाशी हवे होते. पल्टी त्यांच्याकडे गेला. पोहण्यात, वल्ह्यात, जाळ्यात तो कोणाला हार जाणारा नव्हता. नाखवांनी त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले की दुसरं काही काम बघ. दुसऱ्या नाखव्यांकडेही तेच झालं. पाण्यावर ज्याला हाक मारायची त्याचं नाव पल्टी, हे कोणालाच चालत नव्हतं. समुद्र दारात असून हा माणूस बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला गेला आणि पुढे गाडी शिकला. बापाशी बोलणं तुटलं नाही, पण कामापुरतंच राहिलं. काळूराम गेले तेव्हाही दोघांमध्ये हा विषय निघालेला नव्हता.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत माझ्याकडे एक वयस्कर जोडपं उतरलं. हसकेल किहीमकर आणि त्यांच्या बाई सिपोरा. दोघंही बेने इस्रायल, म्हणजे आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहिलेले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हसकेलकाका पंधराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्रायलला गेले ते तिथलेच झाले. आता अश्दोदला राहतात. पण मराठी अशी की घावन ताटात पडल्याबरोबर म्हणाले, "नारळाचा रस आहे ना सोबत?" त्यांना किहीमला आजोबांच्या घराची जागा बघायची होती आणि रेवदंड्याची मशीद. त्यांच्यातली जुनी माणसं आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात.

मी नेहमीसारखं सांगितलं, गाडी येईल, पल्टीदादा म्हणून आहेत.

काकांनी घास तसाच ठेवला. "आमच्यातले आहेत का?"

मी म्हटलं, नाही हो, कोळी आहेत. गाडीचा आवाज आला तसे ते सगळ्यांच्या आधी फाटकाशी जाऊन उभे राहिले. नाव नक्की काय, पल्टी की पलटी, असं त्यांनी विचारलं. पल्टीदादा म्हणाले की लोक दोन्ही म्हणतात, मी दोन्हीला वळून बघतो. मग काकांनी ते कोणी ठेवलं म्हणून विचारलं, तेव्हा दादांनी होडीची हकिगत थोडक्यात सांगितली. ती त्यांना तोंडपाठ होती.

"असेलही तसं," हसकेलकाका म्हणाले. "पण हे नाव आमच्या तोरेत, म्हणजे धर्मग्रंथात आहे. इब्रीत, म्हणजे हिब्रूत, पलट म्हणजे निसटणं, संकटातून वाचणं. पल्टी म्हणजे माझी सुटका."

पल्टीदादांनी गाडीचं दार उघडून दिलं. 

पुढचं मला सिपोराबाईंनी सांगितलं. किहीमच्या वाटेवर काका पुढच्या सीटवर बसले आणि सगळा वेळ त्या नावाबद्दलच बोलत राहिले. त्याचं लांब रूप पल्टीएल, म्हणजे देव माझी सुटका. तोरेत एक पल्टी येतो तो बन्यामिनच्या वंशातला, राफूचा मुलगा. मोशेने, म्हणजे मोझेसने, नव्या देशाची टेहळणी करायला बारा माणसं पाठवली, त्यांतला एक. पण त्या बारांतले दहा जण परत येऊन म्हणाले की तिथली माणसं राक्षसासारखी आहेत, आपला निभाव लागणार नाही. हा पल्टी त्या घाबरलेल्या दहांमधला. दुसरा पल्टी पुढे राजांच्या काळात येतो. राजाने आपली मुलगी आधी एकाला दिली होती, ती मग या पल्टीला दिली. पहिला नवरा मोठा झाला, राजा व्हायला निघाला, तेव्हा त्याने बायको परत मागवली. शिपाई तिला घेऊन चालले आणि हा पल्टी रडत रडत त्यांच्यामागून चालत राहिला. शेवटी सेनापतीने त्याला दरडावलं तेव्हा तो मागे फिरला.

"एक भित्रा, एक रडका. म्हणून आमच्यात हे नाव कोणी ठेवत नाही," काका म्हणाले होते. "माझ्या आयुष्यात मी एकही पल्टी पाहिला नव्हता. पहिला भेटला तो नागावात."

 किहीमला गाडी लावल्यावर पल्टीदादांनी विचारलं, "तो रडत गेलेला माणूस. त्याचं पुढं काय झालं?"

काका म्हणाले, पुढचं काही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी पाहुण्यांना सोडून दादा गेले नाहीत. माझ्या पडवीत बाकावर टेकले. घरी फोन करून त्यांनी बायकोला, कोकिळावहिनींना, नावाचा अर्थ सांगितला होता. वहिनी म्हणाल्या होत्या, सुटका खरी, पण कुणाची?

मी हसले. ते हसले नाहीत, मला म्हणाले, "वहिनी, मला सांगा, कोळ्याच्या घरात हे नाव आलंच कसं?"

हसकेलकाका तिथेच होते. ते प्रामाणिकपणे म्हणाले की त्यांनाही सांगता येणार नाही. होडी उलटली आणि आपल्या मराठीतलंच पलटी नाव पडलं, इतकं साधंही असू शकेल. दोन भाषांतले शब्द सारखे दिसतात, तेवढ्यावरून नातं जोडू नये. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. होडी बुडाली म्हणून पोराला त्या अपघाताचं नाव ठेवणारी कोळीण त्यांनी कधी ऐकली नव्हती. नजर लागू नये म्हणून धोंडू ठेवतील, दगडू ठेवतील. पण होडीवर जगणारी माणसं आपल्याच पोराला पलटी म्हणतील?

ही शंका इतकी सरळ होती की एवढ्या वर्षांत ती कोणालाच कशी आली नाही, याचं मला नवल वाटलं.  पल्टीदादा पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत म्हणाले की त्या वेळचं माणूस आता एकच उरलंय, आत्या.

आवडाबाई म्हणजे काळूरामची धाकटी बहीण. लग्न होऊन श्रीवर्धनला गेली ती तिथेच नातवंडा-पतवंडांत रमली. नव्वदीच्या घरातली बाई. दादांची तिची भेट लग्नामर्तिकालाच व्हायची. तिसऱ्या दिवशी पाहुणे मुंबईला गेले आणि पल्टीदादांनी गाडी आगरदांड्याच्या फेरीबोटीत घातली. पलीकडे दिघीला उतरून ते श्रीवर्धनला पोचले. आत्याला आवडतात म्हणून इथून सुके सोडे, म्हणजे वाळवलेली कोळंबी, घेऊन गेले होते.

आत्याला कानाने कमी ऐकू येतं, पण डोकं शाबूत. सोडे हुंगून बघत तिने सगळ्यांची चौकशी केली. मग दादांनी विचारलं, आत्या, माझ्या जन्माच्या दिवशी होडी पलटी झाली तेव्हा तू कुठे होतीस?

"कुठली होडी?" आत्या म्हणाली.

दादांनी हकिगत सांगितली. आत्याला ती ठाऊक होती, पण ती ऐकताना तिचा चेहरा आंबट झाला.

"अरं, तू ज्येष्ठातला. तू झालास तवा होड्या वर काढून झाल्या होत्या. तुझ्या बापाची होडी वाळूवर शाकारून ठेवली होती, तिच्या सावलीला कोंबड्या बसायच्या. वर काढलेली होडी पलटी कशी व्हईल?"

पल्टीदादा मला म्हणाले की हे ऐकून त्यांना आधी आत्याचा रागच आला. आयुष्यभर जे सांगितलं ते असं एका वाक्यात खोटं ठरावं, आणि त्यात नवीन काही नसावंच. शाळेच्या दाखल्यात त्यांची जन्मतारीख एक जून आहे, पण तेव्हा सगळ्याच पोरांची एक जून लावत, म्हणून त्यांनी ती कधी खरी मानली नव्हती. पावसाळ्यात होड्या बंद असतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. फक्त दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

मग आत्याने जे घडलं ते सांगितलं. केसरची आधीची दोन बाळं जन्मतानाच गेली होती. या खेपेला कळा सुरू झाल्या त्या रात्रभर चालल्या आणि सकाळी गावातल्या सुईणीने हात टेकले. रेवदंड्यात ज्यूंच्या आळीत मिल्काबाई थळकर राहायच्या, दवाखान्यात नर्स होत्या. काळूराम त्यांच्याकडे धावला. दिवस शनिवारचा. मिल्काबाई शनिवारी चूलसुद्धा पेटवत नसत. त्या मशिदीत गेलेल्या होत्या. काळूराम मशिदीच्या फाटकाबाहेर उभा राहिला, आत जायचं की नाही ते त्याला कळेना. त्या बाहेर आल्या, त्याचं तोंड बघितलं आणि घरी न जाता तशाच त्याच्याबरोबर निघाल्या.

"चांगलं लुगडं होतं अंगावर, जरीकाठी. मी म्हटलं, बाय, खराब व्हईल. ती म्हणली, व्हऊ दे," आत्या म्हणाली.

मूल आलं ते निळंकाळं, गळ्याला नाळेचे वेढे. ते रडेना. घरातल्या बायांनी डोळ्याला पदर लावले. मिल्काबाईंनी वेढे सोडवले, बाळाला पालथं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकलं आणि किती वेळाने कोण जाणे, त्याने आवाज काढला. बाईंनी त्याला केसरच्या कुशीत दिलं आणि म्हणाल्या, "याचं नाव पल्टी ठेव. हा सुटला."

"तुझ्या आईनं तेच ठेवलं. नावाचा अर्थ तिला कळला व्हता, मलापण कळला व्हता. बाकीच्यांनी पल्टी ऐकलं आणि होडी लावली त्याला. लोकांना काय, नाव असलं की गोष्ट पायजे. तुझा बाप आधी सांगायचा, बाबांनो, माझी होडी कधी पलटी झाली न्हाय. लोक हसायचे. मग तो बोलायचा बंद झाला."

दादांनी विचारलं, आत्या, तू मला हे आधी का नाही सांगितलंस.

"तू कधी इचारलंस?"

खरंच होतं ते. उत्तर आधीच ठाऊक असल्यावर विचारतो कोण? परत आल्यावर दादांनी माझ्याकडे येऊन हे सगळं बसून सांगितलं, आणि मग मला हसकेलकाकांना फोन लावायला सांगितला.

काका फोनवर ऐकत राहिले. शनिवार होता, आणि बाई मशिदीतून आल्या होत्या, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले की थोडे दिवस द्या. आठवड्याभराने त्यांचाच फोन आला. अश्दोदच्या एका वृद्ध बाईंना मिल्काबाई आठवत होत्या. त्या नंतर इस्रायलला गेल्या, तिथेही नर्सच होत्या आणि तिथेच वारल्या. त्यांचे वडील हज्जान होते, म्हणजे मशिदीत प्रार्थना चालवणारे. त्यामुळे एरवी बायकांना न कळणारे इब्री शब्द मिल्काबाईंना अर्थासकट येत.

"आता दुसरं ऐका," काका म्हणाले. "आमच्यात तोरा वर्षभरात वाचून पुरी करतात, दर शनिवारी थोडी. ज्या शनिवारी त्या बारा टेहळ्यांची नावं येतात, तो जवळजवळ दरवर्षी जूनमध्येच पडतो. खात्री मी देणार नाही. पण मला वाटतं, त्या सकाळी बाई वर बायकांच्या गॅलरीत बसल्या होत्या आणि ती बारा नावं त्यांच्या कानावर पडली होती. त्यातलं एक घेऊन त्या तुमच्या घरी आल्या."

दादा म्हणाले, पण तो तर भित्र्यांतला होता ना.

काका म्हणाले, बाईंनी माणूस बघितला नसेल, शब्द बघितला असेल.

मला वाटलं गोष्ट इथे संपली. मी तर पुढच्या पाहुण्यांना कशी रंगवून सांगायची याचा विचारही करू लागले होते. पण पल्टीदादांच्या मनात आणखी एक काम होतं, आणि ते त्यांनी मला न सांगता केलं. ते हरेश्वर नाखवांकडे गेले.

नाखवा आता खूप थकलेत. डोळ्यांनी अधू झालेत, दिवसभर ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतात आणि होड्यांची इंजिनं आवाजावरून ओळखतात. दादा त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "नाखवा, माझ्या बापाची होडी कधी पलटी झाली न्हाय."

"मला ठाव हाय," नाखवा म्हणाले. "मी त्याच होडीवर शिकलो. काळूराम माझा तांडेल. त्याच्यासारखा हात रेवदंड्यात दुसरा नव्हता."

 दादांनी विचारलं की ठाऊक होतं, तर मला घेतलं का नाही.

नाखवा म्हणाले की होडी खरोखर उलटली होती की नाही याच्याशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. अडचण हाकेची होती. अंधारात, वाऱ्यात, अर्धे खलाशी झोपेत असताना कोणी पल्टी म्हणून ओरडला तर उरलेले पाण्यात उड्या टाकतील. सगळ्या खलाशांनी मिळून त्यांना सांगितलं होतं की तो येणार असेल तर आम्ही नाही. पण नाखवांना पोरगा हवा होता. म्हणून ते स्वतः काळूरामकडे गेले होते.

"मी म्हटलं, होडीवर त्याला दुसरं कायपन म्हणू, फक्त तू सांग त्याला. नाव बदल, उद्यापास्नं घेतो. तुझा बाप म्हणला, न्हाय. ज्या बाईनं पोर जितं हातात दिलं, तिनं दिलेलं नाव हाय. केसर जाताना म्हणली होती, ह्याला कोणी दुसऱ्या नावानं हाक मारायची न्हाय. मी म्हटलं, पोराचं नुकसान हाय. तो म्हणला, जित्ता हाय, करील कायतरी."

हे दादांना अगदीच नवं होतं. अठराव्या वर्षी त्यांच्यासाठी एक दार उघडं होतं आणि ते बापाने लावून घेतलं होतं.

"मला इचारायला पायजे होतं त्यानं," दादा म्हणाले.

"पायजे होतं," नाखवा म्हणाले. "मलापण तुला सांगायला पायजे होतं."

दादा तिथून निघाले ते घरी गेले नाहीत. खाडीच्या पुलाजवळ गाडी लावून बसले. हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, मीच विषय काढला तेव्हा. मी विचारलं, दादा, तेव्हा तुम्हाला विचारलं असतं तर काय म्हणाला असता?

त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही. "तवा? तवाच्या तवा बदललं असतं. प्रल्हाद म्हणा, गोविंद म्हणा, मला काय. मला होडी पायजे होती."

"आणि आता?"

"आता बदलून काय करू? होडी कोण देणार या वयात?" मग म्हणाले, "बापाला राग दाखवला तो दुसऱ्याच गोष्टीचा दाखवला, वहिनी. खऱ्या गोष्टीचा दाखवला असता तर भांडण तरी झालं असतं. भांडणात तो बोलला असता."

त्यांच्या आवाजात अढी होती की नाही हे मला सांगता येणार नाही. थोडी असावी. आईने मरताना काही मागितलं आणि बापाने ते राखलं, याचं त्यांना बरं वाटत होतं. आणि ते राखायला आपलं आयुष्य खर्ची पडलं, तेही वाटत होतं. त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या.

या जूनमध्ये एका शनिवारी सकाळी सकाळीच त्यांनी फोनवर हसकेलकाकांचा निरोप बघितला, शुक्रवारीच पाठवून ठेवलेला. उद्या आमच्याकडे तुमचं नाव वाचलं जाईल, एवढाच. दादांनी मला तो वाचून दाखवला आणि काय उत्तर द्यायचं ते विचारलं. मग स्वतःच ठरवून त्यांनी कोकिळावहिनींचा आणि आपला फोटो पाठवला.

रेवदंड्याच्या स्टँडवर होडीची गोष्ट अजून चालते. नव्या ड्रायव्हर पोरांना कोणीतरी ती सांगतंच, आणि आता तिच्यात वादळ आलंय, माणसंही बुडायला लागलीत. दादा तिथेच असले तर बहुतेक वेळा मध्ये बोलत नाहीत. मिल्काबाई, मशीद, बारा टेहळे हे सगळं सांगायला फार वेळ लागतो आणि सिटा भरल्या की गाडी काढावी लागते. ते चावी फिरवता फिरवता एवढंच सांगतात की माझा बाप पाण्यात कधी पडला न्हाय, आणि गाडी सावकाश रस्त्याला लावतात.